नवं होण्याआधीचा घास

मला खायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, बाई उपाशीपोटी चिडली. मागच्या वर्षी दिवाळीआधी चंद्रपूरच्या हॉटेलवाल्यांनी मिळून ‘शेतातून थेट ताटात’ असा खाद्यमहोत्सव भरवला, तेव्हा दवाखान्यातल्या आम्ही नर्सबाया ड्युटी संपली की रोज एक हॉटेल गाठायचो. काय जेवलो म्हणून सांगू! तळ्यातल्या मासोळ्यांचा झणझणीत रस्सा, मोहाची पोळी, वास्त्यांची भाजी. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. माहेरी ते पोत्यानं सोललेत, पण आयते कोणी वाढलेले पहिल्यांदाच खाल्ले.

मग एका संध्याकाळी डोकं फिरलं, ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

त्या संध्याकाळी गाठलेल्या हॉटेलातला तांदूळ माझ्या धाकट्या भावाचा होता. अहेरीकडे जंगलाला लागून आमचं गाव. भावानं लवकर येणारा हलका धान कापून, कांडून मालकाला दिला होता. महोत्सव रंगला तर वर्षभर तुझ्याकडूनच घेईन, असं मालक म्हणाला होता, आणि भाऊ त्या एका शब्दावर जगत होता. व्यापाऱ्याच्या दारात ताटकळायचं नाही, एवढंच त्याला हवं होतं. मालकाची अट एकच होती. म्हाताऱ्या मायला आणायचं आणि पाहुण्यांसमोर नव्या तांदळाचा पहिला घास तिनं घ्यायचा.

भाऊ हो म्हणाला आणि तिथंच फसला. आमच्याकडे नवं पीक आधी पेनाला, म्हणजे आमच्या देवाला चढतं. सगळं गाव एकाच दिवशी ‘नवं’ करतं आणि त्याआधी नवा दाणा कोणी तोंडात घालत नाही. विकायला हरकत नाही, खायला आहे. महोत्सवाच्या आधी नवं होऊन जाईल, असा भावाचा हिशेब. पण गावात एक म्हातारा वारला आणि नवं पुढं गेलं. महोत्सव थोडाच पुढं जाणार होता! भावानं हे ना मालकाला सांगितलं, ना घासाचं मायला. मायला वाटलं, लेकाच्या धानाचं कौतुक आहे, शाल-नारळ घेऊन परत यायचं.

हॉटेलाच्या भिंतींना सारवणासारखा रंग, कोपऱ्यात सूप, टोपली आणि कुणाच्या तरी घरातून उचलून आणलेलं जातं. मायला मधोमध खुर्चीवर बसवलं, शाल घातली, आणि पळसाच्या पानावर वाफाळता भात पुढं आला. वास असा सुटला की माझ्याच तोंडाला पाणी आलं. मायनं भाताला हात जोडले आणि तशीच बसून राहिली.

मालक वाकून म्हणाला, मावशी, एकच घास, फोटोपुरता.

“पेनानं खाल्लं नाई अजून, बापू. मी कशी खाऊ?”

त्यानं हसून माईकवर पाहुण्यांना सांगितलं की मावशी लाजतायत. लाजतायत म्हणे! माझी माय उभ्या जन्मात कोणाला लाजली नाही. मग भावाकडे वळून तो हळूच म्हणाला, एवढं जमत नसेल तर पुढचं आपलं कसं जमायचं. ते माझ्या कानावर पडलं आणि अंगाची आग झाली.

“ते नाई म्हणून राह्यली, दिसत नाई का तुमाले?” भरल्या हॉटेलात मी उभी राहून बोलले. सोबतच्या बाया माझा हात धरून खाली ओढत होत्या.

तेवढ्यात भावानं मायच्या पुढचं पान ओढलं, भात उचलला आणि खाल्ला. टाळ्या पडल्या. मायनं शाल काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

मला भावाचाही राग आला होता, पण घास गिळताना त्याचे डोळे पाहिले आणि तो राग ओसरला. मालकाचा ओसरत नाही. मेल्याला नवा तांदूळ हवा होता, फक्त नवं काय असतं ते ऐकून घ्यायला सवड नव्हती. आणि टाळ्या कशाच्या वाजवत होते लोक? अजूनही ते हॉटेल दिसलं की मी रस्ता बदलते.

ऑर्डर मिळाली, वर्षभराची.

पुढं गावात नवं झालं, तेव्हा मी रजा टाकून गेले. भावानं आधीच पुजाऱ्याला खरं काय ते सांगून पेनाला कोंबडा दिला होता. पुजारी म्हणाला, झालं ते झालं, बस पंगतीत. माय पानापानावर नवा भात वाढत आली. भावापाशी थांबली, आत गेली आणि जुन्या तांदळाचा भात घेऊन आली.

“तुह्यं नवं तं चंद्रपुरातच झालं, बाबू,” ती म्हणाली आणि त्याच्या पानावर तो वाढून पुढं गेली.

भावानं मान वर न करता तो सगळा खाल्ला.