बाहेरून कुलूप

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात, लढाई येणार म्हणून जबलपूरच्या शस्त्रांच्या कारखान्याने बारा तासांची पाळी लावली. गुणवंत सकाळी सहाला रांझी वस्तीतलं घर सोडी, तो दिवेलागण उलटून गेल्यावर परते. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात सत्तरीची आई, भानुमतीबाई, दिवसभर एकटी.

त्याचं काम तेजाबाच्या टाकीवर. लोखंडी पुर्जे बुडवायचे, गंज खाल्ला गेला की काढायचे. थोडा वेळ जास्त झाला तर पुर्ज्यावरचा कोरीव नंबर पुसट होतो आणि पुर्जा बाद. सोळा वर्षांत त्याच्या हातून बाद झालेले पुर्जे बोटांवर मोजण्याइतके. घरातही त्याने तसाच काटेकोर नियम घालून दिला होता. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही.

एका संध्याकाळी तो आला तर आई चुलीजवळ झाकण घातलेल्या पातेल्यासमोर बसलेली.

"काय शिजवून राहिली?"

"पाटल्या आहेत. हळदीच्या पाण्यात. चार घंटे झाकण काढायचं नाही म्हणाला."

"कोण म्हणाला?"

"पालिशवाला. दागिने उजळून देतो."

गुणवंतने झाकण काढलं. पाटल्या होत्या. वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात, याच कारखान्यात दोन-दोन पाळ्या करून केलेल्या. त्याने एक उचलली आणि अंगठा फिरवला. वेलबुट्टी गेली होती. कड साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, आणि हाताला वजन नाही. सोनं त्या माणसाच्या वाटीतल्या पिवळ्या पाण्यात उतरून निघून गेलं होतं. ते पाणी म्हणजे तेजाब, हे गुणवंतला कोणी सांगायची गरज नव्हती.

"अनोळखी माणसाला दार उघडू नको म्हटलं होतं ना?"

"अनोळखी कुठं होता? मराठी बोलून राहिला होता. मावशी म्हणाला. मोर्शीकडचा होता."

"मराठी बोलला म्हणून सोनं काढून दिलं?"

"आधी लोटा घासून दिला, फुकट. चहा घेतला." मग ती हळू म्हणाली, "दोन घंटे बसला रे. आपल्याकडच्या संत्र्यांचं सांगत होता."

भानुमतीबाई नागपूरकडच्या काटोलच्या. जबलपुरात चाळीस वर्षं काढली, हिंदी सगळी समजे, पण बोलायला जीभ वळत नसे. गुणवंत थकून येई, जेवे आणि झोपे. आईशी दिवसभर बोलायला कोणी नसतं, हे त्याला त्या वेळी सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी त्याने पितळी कुलूप आणलं. मागच्या अंगणाला उंच भिंत होती. नळ, संडास आतच. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालून चावी खिशात टाकली, तेव्हा शेजारचा नथ्थू सायकल काढत होता. तोही त्याच पाळीचा, बायको-पोरं बरगीकडे गावी.

"अम्मा को ताला? गाय है क्या, भैया?"

"गाय होती तर बरं होतं. गाय कोणाला चहा पाजत नाही."

"और बम गिरा तो?"

"तो तेरे पे भी गिरेगा. चल, कारखान्याचा भोंगा होईल."

दोघे सायकलींवर बसून निघाले.

डिसेंबरात लढाई झाली आणि संपली. पाळी बारा तासांचीच राहिली, आणि कुलूपही. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. स्वयंपाक करी, वाढी, भांडी घाशी. फक्त बोलणं हो-नाहीवर आलं. गुणवंतने ते वयावर ढकललं.

संक्रांतीनंतर आठवड्याने एक पोस्टकार्ड आलं. आईला वाचता येत नसे, म्हणून त्याने मोठ्याने वाचलं. नीलकंठमामाचं होतं, आईच्या धाकट्या भावाचं. मुलीसाठी स्थळ पाहायला तो सोमवारी जबलपूरला येऊन गेला होता.

"'दुपारी तुमच्याकडे आलो. दाराला कुलूप दिसलं. ताई देवळात गेली असेल म्हणून दोन तास पायरीवर बसलो. गाडीची वेळ झाली, म्हणून निघालो. सहा वर्षांनी आलो, पण भेट नशिबात नव्हती.'"

गुणवंत थांबला. सोमवारी तो कामावर होता.

"तू घरातच होती."

"कुठं जाणार?"

"मग मामाचा आवाज ओळखला नाही?"

"बसला तेव्हाच ओळखला. खोकतो तो, बाबांसारखा. मी दाराला टेकूनच बसली होती."

"मग हाक काहून नाही मारली? नथ्थूकडून हातोडा मागून त्यानं कुलूप तोडलं असतं."

"नथ्थू तुझ्याच पाळीला." तिने पदराने पातेलं उतरवलं. "आणि काय हाक मारू? पोरानं कोंडून ठेवलं आहे, चावी त्याच्या खिशात आहे, हे भावाला सांगू? घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं त्यानं. मला पण खोकला येत होता. पदर धरला तोंडावर."

तिने वाढलं. त्याने ताटात काही ठेवलं नाही.

सकाळी त्याने कुलूप खुंटीवरच राहू दिलं आणि दार नुसतं ओढून घेतलं. सायकलपर्यंत पोचला, तोच आतून आवाज आला.

"कुलूप लावायचं राहिलं."

"राहू दे."

"लाव. मराठी बोलणारा आला तर मी पुन्हा उघडीन."

हे ती रागाने म्हणाली की खरंच, हे त्याला कळलं नाही. विचारायला वेळ नव्हता. कारखान्याचा पहिला भोंगा झाला होता. तो परत फिरला, कुलूप घातलं, एकदा ओढून पाहिलं आणि निघाला.