माझ्या लग्नातली शालन

माझ्या लग्नात मंगलाष्टकं मी स्वतःच म्हटली, आणि तीही दुसऱ्याच मुलीचं नाव घालून. तसं करायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं. पण आमच्या वडिलांच्या मंडळात मनाला कुणी विचारत नसे. तोंडात जे बसलंय तेच बाहेर यायचं.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, सुभेदार म्हणून पेन्शनीत निघाले आणि लोणंदला घरी आले. पलटणीत हाताखाली माणसंच माणसं, आणि घरी हुकूम सोडायला मी आणि एक म्हैस. (म्हैस ऐकत नसे.) म्हणून त्यांनी समूहगान मंडळ काढलं. पेटीवर सदू टेलर, मागे त्यांच्यासारखेच पेन्शनीत निघालेले जवान, आणि पहिल्या रांगेत मी, कारण माझा आवाज मोठा. सुरेल आहे असं कुणी कधी म्हटलं नाही हो, मोठा आहे म्हणायचे!

मंडळाची गाणी तीन. पाहुण्याला स्वागतगीत, लग्नाला मंगलाष्टकं, आणि कुणी गेलं की श्रद्धांजली. तिन्ही अण्णांनी रचलेली, आणि तिन्हींची चाल एकच, कारण सदूला येतच होती एक. (श्रद्धांजलीला तो भाता जरा हळू हलवायचा, एवढाच फरक.) प्रसंग येईल तसं गाण्यातलं नाव तेवढं बदलायचं. आणि कागद हातात धरायचा नाही, ही अण्णांची सक्त ताकीद!

"बंदूक चालवताना पुस्तक बघता काय रं? तोंडात बसलं पायजे, तोंडात!"

मग काय, रोज संध्याकाळी घोटून घेणं सुरू. नाव एकदा असं बसायचं की नंतर खरवडून काढलं तरी निघायचं नाही. तहसीलदार कदमसाहेब आले तेव्हा स्वागतगीत फार झकास झालं. पण त्यांची बदली झाली, नवे पाटीलसाहेब आले, आणि आम्ही त्यांना समोर बसवून मोठ्या प्रेमानं कदमसाहेबांचं स्वागत केलं! श्रद्धांजलीचंही तेच. बापू वारले तेव्हा गायलो, पुढं नाना वारले तेव्हाही बापूच वारले. बापूंच्या घरची माणसं पुन्हा एकदा रडली, आणि नानांचे चिरंजीव मात्र आमच्याकडे बघत कोरडेच राहिले.

अशात माझं लग्न ठरलं. ते ठरावं म्हणून आईनं किती देव पाण्यात घातले होते ते तिलाच ठाऊक. तिशी जवळ आलेली, डोक्यावर केस विरळ, आणि बघायला गेलो की अण्णा तिथंच गायला लावायचे! पोरींचे बाप चहासुद्धा पुरता पाजत नसत. शेवटी कुपवाडची कमल हो म्हणाली. का म्हणाली, हे कोडं मला तेव्हा सुटलं नव्हतं. आई म्हणाली, "आता तुमी बापलेकांनी तोंडं मिटून ऱ्हावा. ह्या बारीला मोडलं, तर दुसरी न्हाई मिळायची."

अण्णा कसले गप्प बसतात! नेमकं आमच्या लग्नाआधीच्या आठवड्यात फलटणला त्यांच्या दोस्ताच्या मुलीचं, शालनचं, लग्न होतं. तिच्यासाठी मंडळानं महिनाभर मंगलाष्टकं घोटली होती. "तीच म्हणायची," अण्णा म्हणाले. "शालन काढायचं, कमल घालायचं. तीन अक्षरं गेली, तीन आली. हाय काय त्यात?"

"अण्णा, पण मी तर नवरदेव."

"मग? नवरदेवाला रजा मिळती, असं कुणी सांगितलं तुला? तू न्हाईस तर फुडं आवाज कुणाचा?"

कुपवाडला मांडव भरला. मधे अंतरपाट, पलीकडे कमल, आणि तिच्या पाठीशी तिचे मामा उभे. मामांचं लेथचं वर्कशॉप होतं, आणि त्यांचा एकेक पंजा पाट्याएवढा. सदूनं पेटी धरली, अण्णांनी छडी उचलली, आणि आम्ही पहिलं कडवं एका दमात म्हटलं. शेवटी सगळ्या मंडळाचा एकच घोष, "शालन!"

लोकांनी अक्षता टाकल्या. घरात शालन म्हणत असतील, असं काहींना वाटलं. दुसऱ्या कडव्यालाही शालन आली, तशा बायका कुजबुजायला लागल्या. अण्णांच्या ध्यानात आलं, ते मागून ओरडले, "कमल! कमल!" झालं! तिसऱ्या कडव्याला अर्धे कमल म्हणाले, अर्धे शालन, आणि माझ्यासमोर दोन नवऱ्या उभ्या राहिल्या.

अण्णांनी रागानं छडी खाली आणली. म्हणजे थांबा. मंडळ जागच्या जागी थांबलं. मी मात्र गाताना डोळे मिटतो, मला छडी दिसलीच नाही. सगळा मांडव चिडीचूप, आणि त्यात मी एकटा, होता नव्हता तेवढा आवाज लावून, "शाऽऽलन!"

मामांनी एका हातानं अंतरपाट खाली ओढला.

"कोन हाय रं ही शालन?"

सदू भाबडेपणानं बोलला, "फलटणची हाय मामा. लय गुणाची पोरगी. गेल्याच आठवड्यात लगीन झालं तिचं."

"म्हंजी लगीन झालेल्या बाईचं नाव घेतोय ह्यो? चल गं कमळे, उतर खाली!"

भटजी घड्याळ दाखवत म्हणाले, "मुहूर्त टळतोय!" आईनं तोंडाला पदर लावला. अण्णा, दोन लढाया बघितलेला माणूस, छडी पाठीमागं लपवायला लागले. मी कमलकडे बघितलं. ही गेली, तर मला खरंच वाईट वाटणार होतं; आणि हे मला कळलं कधी, तर ती पाटावरून एक पाय खाली टाकत असताना!

पण ती वळली, आणि पदरात तोंड घालून हसायलाच लागली.

"मामा, थांबा की वाईच. मी मावशीकडं लोणंदला गेलते ना, तवा ह्यांनी पाटीलसायबाला कदमसायब म्हनून हार घातलावता. नानांच्या दहाव्याला बापूंना मारलं दुसऱ्यांदा! ही माणसं अशीच हायती. हसून हसून पोट दुखलं, म्हनून तर हो म्हनले मी."

मामांचा विश्वास बसेना. "असं? मग म्हना ते स्वागताचं. माझं नाव घालून. शिंदे!"

मंडळ ताठ उभं राहिलं. आम्ही जीव तोडून गायलो. मामांच्या तोंडावर, एका सुरात, "कदमसाहेब!"

मामा आधी बघत राहिले, मग मांडवाचा खांब धरून असे हसले की वरची झालर हलली. "लावा लगीन!" म्हणाले. "पर ह्या बारीला आमच्या पोरीचं नाव घ्या रं!"

अण्णांनी मांडवातच आम्हाला घोटायला घेतलं. "कमल! परत! कमल! मोठ्यानं!" पाहुणेही ओरडायला लागले, मामाही ओरडायला लागले, भटजींनी घड्याळ खिशात टाकलं. आणि कमल, कमल करत माझं लग्न एकदाचं लागलं.

महिन्याभरानं लोणंदलाच सदूच्या पुतण्याचं लग्न होतं. नवरीचं नाव सुमन. मी पहिल्या रांगेत, आवाज नेहमीसारखाच मोठा, डोळे नेहमीसारखेच मिटलेले. कडव्यामागून कडवी अशी बिनचूक पडली, की यंदा मंडळाचं नाव निघणार असं मला वाटलं. शेवटच्या कडव्यानंतर डोळे उघडले, तर समोर बायकांत माझी बायको, हातात अक्षता घेऊन, कपाळाला हात लावून बसलेली.

तिचं दुसरं लग्न लागलं होतं, आणि ते लावण्यात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता!