देवांच्या ओट्यावरची बॅटरी

जपायची म्हणून जी वस्तू तुम्ही कुलपात ठेवली आहे, ती आत नुसती बसून असते, असं तुम्हांला खरंच वाटतं?

आमच्या अख्ख्या वस्तीला तसं वाटत होतं. अकोल्यापासून बसने तासाभरावर, मूर्तिजापूरच्या अलीकडे आमचं गाव. वीज नव्हती. वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घराघरांतले देव पोत्यात घालून नदीत सोडले गेले आणि आमच्या घरातला देवांचा ओटा रिकामा झाला. पुढे काही वर्षांनी वस्तीने वर्गणी करून भाषणांसाठी भोंगा, माइक, आवाज मोठा करणारं यंत्र आणि ते चालवायला मोटारीत असते तशी काळी, जड बॅटरी घेतली. ती ठेवायची कुठे? कोरडी, उंच, पोराटोरांचा हात न पोचणारी जागा सगळ्या वस्तीत एकच होती. बॅटरी त्या ओट्यावर बसली.

मी चळवळीची, देवपूजा सोडा सांगणारी पत्रकं वाचून मोठा झालो. वडील सभेहून येताना खिशात घडी केलेली पत्रकं आणत. त्यांवरच मी अक्षरं शिकलो. त्यामुळे ओट्यावर जे चाललं होतं ते पाहून माझं डोकं तापायचं. पहिली जयंती दणक्यात झाली, भोंगा दोन शेतं पलीकडे ऐकू गेला, आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी पुसून लाकडी पेटीत गेली. पेटीला कुलूप, वर पांढरं कापड. किल्ली वस्तीतल्या सगळ्यांत वयस्क बाबांच्या कंबरेला. चपला घालून ओट्याजवळ जायचं नाही.

"माय, देव काढले अन् बॅटरी बसवली का तुमी?" सुट्टीत अमरावतीच्या कॉलेजातून घरी आलो की मी विचारायचो.

"देवानं कधी भाषण आयकवलं का रे तुले? हे आयकवते. कापड टाकलं तं तुह्या पोटात काहून दुखते?"



वर्षभरात बॅटरी मागायला माणसं आली. तमाशावाले आले, लग्नघरं आली, मोझरीच्या आश्रमाला निघालेली भजनी मंडळीही आली. बाबा सगळ्यांना एकच सांगत, "वापरली का खर्च होते ते. सगळ्यायची वस्तू हाय." बॅटरी म्हणजे जणू कणगी. हात घातला नाही तर ज्वारी तेवढीच राहणार. कापडावरून मी भांडलो, पण कुलपाविरुद्ध वस्तीत कोणीच बोललं नाही.

दुसऱ्या जयंतीला माय बोलणार होती. माझी धाकटी बहीण चौथी पास झाली होती आणि गावातली शाळा तिथेच संपत होती. अकोल्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी मुलींना आपल्या घरी ठेवून पुढे शिकवायची तयारी दाखवली होती. मात्र एका मुलीसाठी त्या घर मांडणार नव्हत्या. आणखी तीन-चार मुली आणा, म्हणाल्या. मायने वस्तीत विचारलं तेव्हा लोक हसले. आजूबाजूच्या गावांची माणसं एकत्र येत तो दिवस एकच, जयंतीचा. त्या दिवशी बोलून मुली मिळाल्या तर बहिणीची शाळा, नाही तर जूनपासून शेतात निंदण. आणि गळ्याच्या दुखण्यानंतर मायचा आवाज चुलीपाशी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढाच उरला होता. तिची सगळी भिस्त भोंग्यावर होती. रोज भाकऱ्या थापताना ती भाषण पुटपुटायची.

जयंतीच्या आदल्या दिवशी पेटी उघडली. बॅटरी नवरीसारखी लखलखीत. तारा जोडल्या, माइकवर फुंकर मारली. काहीच नाही. बाबांनी कुलूप उलटसुलट करून पाहिलं, जणू कोणी आतलं चोरून नेलं होतं.

जयंतीच्या दिवशी पहाटे पहिल्या बसने मी ती अकोल्याला नेली. स्टँडजवळ बॅटऱ्या चार्ज करून देणाऱ्या चाचांचं दुकान होतं. बॅटऱ्यांच्या रांगा, आंबट वास, नाकात झिणझिण्या. चाचा गावभर ऐकू जाईल असे बोलत. त्यांनी दुपारपर्यंत वीज देऊन पाहिली, मग मान हलवली.

"खतम हाय भाऊ हे. मय्यत घेऊन आला तू."

"चाचा, वर्षभर हात नाही लावला कोणी!"

"तेच तं! हात काहून नाही लावला? बायको हाय का पाहुण्याची?"

त्यांनी झाकण काढलं, आरशाच्या तुकड्याने उन्हाचा कवडसा आत टाकला आणि मला वाकायला लावलं. अंधारात शिशाच्या पट्ट्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यावर पांढरट, कणीदार थर, चुन्याच्या निवळीवर साय धरते तसा. ही बॅटरी कोणी मागो न मागो, आतल्या आत स्वतःला थोडी थोडी वीज देतच राहते, चाचा म्हणाले. उन्हाळ्यात जरा जास्तच. भाषण झाल्यावर तुम्ही ती भरून ठेवली नाही, अर्धी रिकामी तशीच कोंडली. उरलंसुरलं गेलं आणि हा थर धरला. कोवळा असता तर विजेने विरघळला असता. आता त्याचा दगड झालाय.

मी वाकलेलाच राहिलो. कुलूप शाबूत होतं, कापडाची घडीही मोडली नव्हती. आम्ही ओट्याखाली जेवलो, भांडलो, झोपलो, आणि वर त्या पेटीत क्षणभरही काम थांबलं नव्हतं. ऐकायला कोणी नसताना ती बोलत होती. मी देव मानत नाही. पण त्या कवडशात अंगावर काटा आला तो खोटा कसा म्हणू?

"भाड्यानं एखादी द्या, चाचा."

"लगीनसराई हाय. माह्या सगळ्या वरातीत गेल्या. ह्या रांगेतल्या गिऱ्हाइकायच्या हाय."

संध्याकाळच्या उन्हात निंबाखाली सभा भरली. भोंगा फांदीला टांगलेलाच होता. मी मायला म्हणालो, "तुह्या बदल्यात मी बोलतो."

"तुले पोरगी हाय का?" तिने विचारलं आणि ती उभी राहिली.

पहिलं वाक्य तिसऱ्या रांगेतच विरलं. मागून एक म्हातारी ओरडली, "वं बाई, आयकू नाही येऊन राहिलं! तोंडात काय दही हाय का?"

लोक हसले. माय थांबली. तेवढ्यात पुढ्यात बसलेली आमची शेजारीण वळली आणि तेच वाक्य मागच्या बायांना सांगितलं. त्या वळल्या, त्यांनी आणखी मागे सांगितलं. मायला उमगलं. ती एक वाक्य बोलायची आणि वाट पाहायची. वाक्य रांगांमधून बायांच्या तोंडून मागे जायचं, कडेच्या बैलगाड्यांपर्यंत, आणि वाटेत मोठं होत जायचं. "माह्या पोरीले एकटीले कोणी ठेवत नाही, तुमच्या पोरी द्या," हे तिचं वाक्य परत ऐकू आलं तेव्हा ते शंभर गळ्यांतून आलं होतं. गेल्या वर्षीच्या भोंग्यातून आम्ही भाषण ऐकलं होतं. या वर्षी प्रत्येक बाईला ते स्वतः म्हणावं लागलं. शेवटी तीच दह्यावाली म्हातारी उठली. "माही नात लिहा," म्हणाली. "मीच ओरडून सांगतलं, आता नाही कशी म्हनू?" तिच्यामागून आणखी तिघी उठल्या.

जूनमध्ये बहीण अकोल्याला गेली. वस्तीने पुढे दुसरी बॅटरी घेतली. ती ओट्यावर नसते. महिन्यातून एकदा बसच्या टपावरून अकोल्याला जाते, भरून येते, आणि मागेल त्याला मिळते, भजनवाल्यांनाही.

हे वाचून झालं की उठा. तुमच्या वस्तीत, वाचनालयात, मंडळात सगळ्यांची म्हणून जी बॅटरी कुलपात असेल, तिची किल्ली आजच मागा. झाकणं उघडून पाणी पाहा, भरायला द्या. आणि पुढच्या सभेत तिच्यापुढे अशा कोणाला तरी उभं करा, जिला अजून कोणी बोलायला सांगितलेलं नाही.