बोनीला शिट्टी ऐकू येईना

अंधेरीच्या गावठाणात हर्बर्ट परेराला सगळे ओळखतात. उभा जन्म त्याने शाळेची बस चालवली. अर्ध्या गल्लीची पोरं त्याच्याच बसमधून शाळेत गेली. बायको वारल्यावर घरात तो आणि बोनी, एवढेच उरले. धाकटी बहीण पेट्रिशिया भिंतीपलीकडच्या घरात.

बोनी ही तांबूस रंगाची साधी गावठी कुत्री. पिल्लू असताना बसच्या चाकाला टेकून झोपलेली सापडली, तेव्हापासून हर्बर्टची. त्याने तिला कधी पट्टा लावला नाही. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली की गल्लीत कुठेही असली तरी ती धावत यायची. याचा त्याला भारी अभिमान.

दिवाळीत मात्र तिचे दरवर्षी हाल व्हायचे. समोरच्या टॉवरखाली फटाक्यांची माळ लागली की ती कपाटामागे शिरून थरथरत बसायची. गेल्या दिवाळीत ती चक्क ओटीवर पाय पसरून झोपली.

"म्हातारपणी धीट झाली माझी पोरगी," हर्बर्ट येईल त्याला सांगू लागला.

पेट्रिशियाला ते पटलं नाही. "हर्बी, काल तिच्या मागेच माझ्या हातून टोप पडला. मी दचकले. हिने मानसुद्धा वळवली नाही."

"झोपेत असेल गं."

"डोळे उघडे होते रे. पाववाल्याच्या हॉर्नवर तरी कुठे भुंकते आता?"

"तुला ना, सगळ्यात आजारच दिसतो," असं म्हणून तो उठून गेला.

पण खटकत त्यालाही होतं. तो बाजारातून आला तरी बोनी दारात येत नव्हती. हाक मारली तर भलतीकडेच बघायची, आणि तो समोर दिसला की मग शेपटी हलवायची. रुसलीय, असं त्याने ठरवून टाकलं. मग तोही तिच्यावर रुसला. संध्याकाळी तिच्याशी गप्पा मारायचा, त्या बंद केल्या.

नाताळच्या आधी एका सकाळी बोनी गल्लीत काहीतरी हुंगत उभी होती. पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत आत आला. हॉर्न वाजत होता, माणसं ओरडत होती. हर्बर्टने जीव खाऊन शिट्टी मारली. बोनी हुंगतच राहिली. तो अनवाणी धावला आणि टँकरच्या मागच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी धपाधप मारत सुटला. टँकर थांबला. बोनीने सहज मान वर केली, त्याला पाहिलं आणि आनंदाने त्याच्या अंगावर उडी घेतली.

हर्बर्ट तिथेच रस्त्यात खाली बसला. "हिला ऐकूच येत नाही गं," मागून धावत आलेल्या पेट्रिशियाला तो एवढंच म्हणाला.

दुपारी दोघं तिला रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर ऋताने तिच्या मागे उभं राहून किल्ल्या वाजवल्या, टाळ्या वाजवल्या. मग बॅटरी लावून कान तपासले.

"मळ नाही, जखम नाही. वयामुळे झालंय, अंकल. हळूहळू गेलंय, म्हणून लक्षात आलं नाही."

"औषध?"

"याला औषध नाही. पण तिला दुखत नाहीये. फक्त झोपेत असताना मागून हात लावू नका, घाबरून चावेल. जवळ जाताना पाय आपटा, हादरा तिला कळेल. हातांच्या खुणा शिकवा. आणि बाहेर पट्ट्याशिवाय सोडायचं नाही."

पट्टा घेताना हर्बर्टचा चेहरा बघवत नव्हता. पहिले काही दिवस बोनी पट्टा लावला की जमिनीवर लोळण घ्यायची, आणि तोही तिच्याशेजारी ओशाळून उभा राहायचा.

खुणा मात्र तिने पटकन उचलल्या. बस चालवताना खिडकीतून हात काढून मागच्या गाड्यांना थांबवायचा, तोच पंजा हर्बर्टने तिला 'थांब' म्हणून दाखवला. हात छातीकडे ओढला की 'ये'. बरोबर जमलं की भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा. गल्लीतली माणसं हसायची. "काय अंकल, ट्रॅफिक पोलीस झालात काय?" हर्बर्ट त्यांनाही पंजा दाखवून थांबवायचा.

एकदा तो तिला न उठवता चर्चला गेला. जाग आल्यावर तो घरात नाही म्हणून बोनी खोल्याखोल्यांतून रडत फिरली. पेट्रिशियाने ते पाहिलं आणि तो परत आल्या आल्या त्याला झापलं. तेव्हापासून निघण्याआधी तो तिच्या नाकासमोर हात धरतो. वास आला की ती डोळे उघडते, त्याला बघते आणि परत मान टाकते.

बोनीनेही स्वतःची एक सोय लावून घेतली. आता ती हर्बर्टच्या पायाला पाठ लावूनच झोपते. तो जरा हलला तरी तिला कळतं.

काल संध्याकाळी पेट्रिशियाने पलीकडून हाक मारली, "हर्बी, चहा झालाय, ये."

"इकडेच आण ना," ओटीवरून तो म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."