मुद्देमालातून गेलेले इंजिन

पोलीस ठाण्यातूनच चोरी झाली, असा प्रकार माझ्या नोकरीत एकदाच घडला. तो विसरणे शक्य नाही.

साल ऐंशीच्या दशकाच्या अखेरचे. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. ठाण्याच्या मागे मोकळे आवार होते. त्यात गुन्ह्यांत जप्त केलेली वाहने उन्हातान्हात पडून असत. त्यांत एक पांढरी अँबेसेडर होती. मालक शिरपूरकडचा म्हातारा शेतकरी. सगळे त्याला नाना म्हणत. नानाच्या ड्रायव्हरने मालकाला न विचारता तिच्यातून गावठी दारू आणली आणि तो नाकाबंदीत सापडला. ड्रायव्हर जामिनावर सुटला, गाडी मात्र आमच्याकडे अडकली.

उपअधीक्षक साहेबांची वार्षिक तपासणी जवळ आली होती. मुद्देमालाची पडताळणी करताना मी हवालदारांना म्हणालो, "बॉनेट उघडा, इंजिन नंबर ताडून घेऊ."

मुद्देमाल सांभाळणारे हे हवालदार निवृत्तीला आलेले, शब्दाला पक्के. पण त्या दिवशी ते जागचे हलेनात. म्हणाले, "साहेब, किल्ली सापडत नाही."

शेवटी शिपायाने पहारीने बॉनेट उचलले. आत रेडिएटर होता, बॅटरीचा कट्टा होता आणि मध्ये भला मोठा खड्डा. त्यातून खालची जमीन दिसत होती. इंजिन नव्हते.

शिपाई हसू दाबत होते, मला मात्र घाम फुटला. पोलिसांच्या आवारातून इंजिन जाते ही बातमी बाहेर फुटली असती, तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्याहून वाईट म्हणजे मुद्देमाल हवालदारांच्या ताब्यातला. खातेनिहाय चौकशी लागली की त्यांचे निवृत्तिवेतन लोंबकळणार होते. मी स्टेशन डायरीला नोंद केली, जागेचा पंचनामा केला आणि तपास सुरू केला.

भंगारवाले, जुन्या सुट्या भागांचे दुकानदार, ट्रकवाले, सगळ्यांना विचारून झाले. खबर आली ती भलतीकडून. जळगावच्या सराफ बाजारातले एक मारवाडी शेठ चोरीच्या दागिन्यांबाबत मला अधूनमधून माहिती देत. ते एकदा बोलता बोलता तक्रारीच्या सुरात म्हणाले, "साहेब, आमच्या धंद्यात आता काय काय पाहावं लागतं! एक बाई आली आणि माझ्या चांदीच्या काट्यावर मोटारीचे पिस्टन तोलून गेली. एक तोलायचा, कानशीने घासायचा, परत तोलायचा. माझ्या पारड्याला तेल लागलं."

"तुम्ही तोलू दिलं?"

"आधी नाहीच म्हटलं. मग ती म्हणाली, शेठ, तुमच्याइतका खरा काटा खानदेशात कुणाकडे आहे? आता यावर माणूस काय बोलणार?"

बाई कोण हे शोधायला वेळ लागला नाही. नशिराबादजवळ हायवेला एक गॅरेज होते. ते चालवणारी तिशीतली बाई नानाची मुलगी होती. सासर सोडून आल्यावर तिने माहेरी न राहता हे गॅरेज घातले होते. सगळे ड्रायव्हर तिला अक्का म्हणत.

मी दोन शिपाई घेऊन गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी घोडीवर इंजिन ठेवलेले होते. पुसून, तेल लावून, लग्नातल्या नवरदेवासारखे सजवलेले. मी बाजूचा नंबर वाचला. मुद्देमालातलाच.

"अक्का, हे इंजिन कुणाचं?"

"मन्हा बापनं शे," ती अहिराणीत म्हणाली. मग शहरी मराठीत आली. "मीच आणलं साहेब. घाला बेड्या."

"एकटीनं?"

"एकटीनं."

मी तिला ठाण्यात आणले. महिला शिपाई बोलावून जबाब घ्यायला बसलो. ती कसलीच लपवाछपवी करत नव्हती. पण 'आवारातून बाहेर कसे काढले' या प्रश्नावर ओठ घट्ट मिटून घेत होती. माझा अनुभव असा आहे की गुन्हेगार स्वतःला वाचवायला गप्प बसतो, तेव्हा त्याची नजर दाराकडे जाते. दुसऱ्याला वाचवायला गप्प बसलेला माणूस जमिनीकडे बघतो. अक्का फरशीकडे बघत होती.

मी प्रश्न बदलला. "बरं, इंजिनाला केलंस काय?"

आणि बाई खुलली. नानांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसऱ्याचा डॉक्टरांना भरवसा नव्हता. ड्रायव्हर ठेवावा लागेपर्यंत नानांनी आयुष्यभर ती गाडी स्वतःच चालवली, पण तिच्यात कधी दम नव्हता. धुळ्यापुढच्या लळिंगच्या घाटात केळीचे ट्रकसुद्धा त्यांना हॉर्न देऊन मागे टाकत. "नाना म्हणायचे, एकदा तरी हा घाट टॉप गिअरमध्ये चढायचा. डोळे जायच्या आत मला ते करून द्यायचं होतं. आणि गाडी तुमच्याकडे गंजत होती."

नवे सामान घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून तिने भंगारातून मोठ्या मापाचे पिस्टन आणले आणि धुळ्याच्या लेथवर सिलिंडर तेवढे वाढवून घेतले. इंजिनाचे हेड घासून पातळ केले, म्हणजे आतला दाब वाढतो. हवा जायच्या वाटा हाताने, पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या. फ्लायव्हीलचे जड चाक तासून हलके केले. एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवले, तेही दोन वेगळ्या मेलेल्या गाड्यांचे. सायलेन्सरचा पाइप विहिरीच्या पंपाचा.

"आणि सराफाचा काटा कशाला?"

"चार पिस्टन म्हणजे चार भाऊ, साहेब. एक जड, एक हलका झाला की घर थरथरतं. चौघं सारखे असले तर कितीही पळवा, भांडण नाही."

लिहून घेणारा शिपाई थांबून ऐकत बसला होता. मी त्याला दटावले, पण खरे सांगायचे तर माझेही लक्ष कागदावर नव्हते.

एवढ्यात दार उघडले आणि हवालदार आत आले. त्यांनी टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, पोरीला सोडा. इंजिन मी दिलं."

अक्का ताडकन उठली. "काका, तुम्ही का बोललात?"

"मग काय तुला आत जाऊ देऊ?" हवालदार माझ्याकडे वळले. "नाना गाडी सोडवायला कितीदा आले, मी बघितलं साहेब. काठी टेकत यायचे. कोर्ट म्हणे पोलिसांचा अहवाल आणा, आपण म्हणायचो कोर्टाचा हुकूम आणा. शेवटच्या खेपेला ते गाडीपाशी गेले आणि हातानं चाचपडून दरवाजा शोधायला लागले. माझ्यानं बघवलं नाही."

आता सगळा उलगडा झाला. मी कोर्टाच्या कामाला बाहेर असताना आमची जीप बंद पडली होती, तेव्हा दुरुस्तीला अक्कालाच बोलावले होते. ती तिपाई, साखळीची कप्पी आणि टेम्पो घेऊन आली. भर दुपारी जीप दुरुस्त झाली आणि त्याच कप्पीने शेजारच्या अँबेसेडरचे इंजिनही उचलले गेले. जड होते म्हणून आमच्याच दोन शिपायांनी ते टेम्पोत चढवायला हात लावला. जाताना तिने सगळ्यांना चहा पाजला होता. पुढे मी तपास सुरू केला, तेव्हा हवालदारांसाठी कुणी तोंड उघडले नाही. अख्ख्या ठाण्याने ती चोरी पाहिली होती आणि कुणालाच ती चोरी वाटली नव्हती.

प्रकरण दाबणे सोपे होते. इंजिन परत बसवले असते तर तपासणीत कुणाला कळलेही नसते. हवालदारांनीच नकार दिला. "डायरीत नोंद झालीय साहेब. या वयात खोटं लिहायला लावू नका."

मी सगळे खरे लिहिले. ज्या अहवालावाचून गाडी अडली होती, तो आमच्याच कपाटात पडून होता. तो कोर्टात पाठवला. दंडाधिकाऱ्यांनी इंजिन जागेवर बसवून नंबर ताडून दाखवायला सांगितले. कोर्टाच्या आवारात अक्काने बॉनेट उघडले. दंडाधिकाऱ्यांनी चष्मा लावून नंबर वाचला, दोन कार्ब्युरेटर पाहिले आणि विचारले, "हे मूळचंच इंजिन आहे का?"

"नंबर तोच शे, साहेब," नाना मागून म्हणाले. "बाकी बठ्ठं नवं शे."

सगळे हसले. अक्काला दंडाधिकाऱ्यांनी चांगले खडसावले, पण हेतू चोरीचा नाही असे नमूद करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, गाडी नानांना दिली. हवालदारांना उपअधीक्षक साहेबांनी लेखी ठपका दिला. निवृत्तिवेतनाला धक्का लागला नाही. ठपक्याचा कागद त्यांनी नीट घडी घालून खिशात ठेवला, जणू बक्षीसच.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही लळिंगच्या घाटाखाली जमलो. रस्त्यावर तुरळक वाहने होती. नाना स्टिअरिंगवर, शेजारी अक्का, मागे मी आणि हवालदार. गाडी सुरू झाली तसा आवाज आला, तो अँबेसेडरचा नव्हताच.

"नाना, डावीकडे थोडं... हां. आता दाबा."

नानांनी दाबले. माझी पाठ सीटला चिकटली. केळीचा एक ट्रक समोर आला, बाजूला आला आणि मागे गेला. दुसरा गेला. एसटी गेली. टॉपला पडलेला गिअर नानांनी शेवटपर्यंत बदललाच नाही. घाटमाथ्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. गालांवरून पाणी वाहत होते.

"पोलीस मांगे व्हतात का वो?" त्यांनी विचारले.

"मागेच आहेत नाना," हवालदार म्हणाले. "मागच्या सीटवर."

या प्रकरणाने मला एक शिकवले. चोरी कुणी केली हे शोधण्याआधी वस्तू कुणाची आणि ती अडली कुणामुळे, हे विचारावे. पुढच्या नोकरीत मी कुठल्याही ठाण्यात गेलो की पहिल्या आठवड्यात मागच्या आवारात चक्कर मारत असे. तिथे गंजणाऱ्या प्रत्येक गाडीपाठी कुणीतरी काठी टेकत येणारे असते.

वर्षभरात नानांची नजर पूर्ण गेली. मी नशिराबादवरून जाताना गॅरेजवर थांबत असे. नाना बाजेवर बसून ड्रायव्हरांना तो घाट सांगत. दर खेपेला गाडीचा वेग वाढलेला असे आणि मागे टाकलेल्या ट्रकांत भर पडलेली असे. मग ते माझ्या दिशेने तोंड करून म्हणत, "इचारा, हाऊ साहेब साक्षीदार शे."

कोर्टात मी कधी खोटी साक्ष दिली नाही. गॅरेजवर मात्र दर वेळी म्हणत आलो, "नाना सांगतात ते अगदी खरं आहे."