प्रवाशांसाठी मागणं

बिरवाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत दर रविवारी दुपारी प्रार्थना असते. आम्ही ख्रिस्ती माणसं इथे मोजकीच, बहुतेक नगरकडून एमआयडीसीत कामाला आलेली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, एरवी आमचं आम्हीच. शेवटी मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायचं. मंडळीसाठी म्हणजे चर्चसाठी, जगासाठी, आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, असे भाग वाटून दिलेले. प्रत्येक भागानंतर सगळ्यांनी म्हणायचं, "प्रभू, आमची विनंती ऐक." प्रवासी माझ्या वाट्याला. तोवर मला चहाचं आधण दिसत असतं, म्हणून मी दोन वाक्यांत उरकते.

आमच्या घरमालकीणबाई हिंदू. उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसतात आणि सगळं ऐकतात. "तुमचे काका देवाला लय ताटकळत ठेवतात," असं त्यांचं मत. काका म्हणजे कंपनीतून रिटायर झालेले आमच्यातले वडीलधारे. जगाचा भाग त्यांचा, आणि एकेका देशाचं नाव घेऊन तिथलं युद्ध थांबवल्याशिवाय ते काही पुढे सरकत नाहीत.

त्या रविवारी माझी मुलगी पाचगणीहून येत होती. तिथल्या एका शाळेचं वसतिगृह ती बघते. महाबळेश्वरहून तिचा फोन आला, "आई, पोलादपूरची एसटी मिळाली. कोंबडी कर." मी कोंबडी शिजवून ठेवली. माणसं जमली, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर आलं की आंबेनळी घाटात दरड कोसळलीय, एसटी अडकलीय. मुलीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. नाहीच. नवरा कंपनीत, तिथे आत मोबाइल नेऊ देत नाहीत.

"आपण प्रार्थनेला बसू," काका म्हणाले. आणि सुरुवात केली नेहमीसारखी मंडळीपासून! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, माझी पोर जिवंत आहे की नाही कळत नाही, आणि तुम्ही परदेशातल्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी मागत बसलाय? आधी तिचं नाव घ्या ना! पण ओठ आवळून बसले. मग आजाऱ्यांसाठीचं मागणं झालं, आणि माझा भाग आला.

तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. सगळे डोळे मिटून थांबलेले. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, आणि मला एक शब्द सुचत नव्हता.

तेव्हा उंबऱ्याकडून आवाज आला. "देवा, मी काय तुझ्यातली नाय. पन हिची वाचा बसलीय, म्हनून मी बोलते. घाटात गाडी अडकलीय. तिच्यात हिची पोर हाय, आनी लोकांची पन पोरंबाळं हायत. डायवर पन कुनाचा तरी लेक हाय. सगल्यांना नीट खाली आन. एक पन मागे ठेवू नको. मी हितं बसलीय, बघते."

मग सगळे म्हणाले, "प्रभू, आमची विनंती ऐक." काकांचा आवाज सगळ्यात मोठा.

प्रार्थना संपवणारं आमेन मात्र त्यांनी म्हटलं नाही. उठायला कुणी तयार नव्हतं. गीतामागून गीत झालं. दिवेलागणीला दारात मुलगी उभी! गुडघ्यापर्यंत चिखल, चपला हातात.

"कुठे कडमडली होतीस गं!" म्हणून मी ओरडले आणि तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. हुश्श! आली बाई माझी. मी भिंतीला टेकून खालीच बसले.

दरड गाडीच्या पुढ्यात पडली होती, फोनला रेंज नव्हती. चालू शकणारे चिखल तुडवत पलीकडे आले, पुढे पिकअप मिळाला. "गाडी अजून वरच आहे," ती म्हणाली. "म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बसून आहेत. माझ्या शेजारच्या आजींना चालवेना. त्यांना नंबर देऊन आलेय."

काकांनी समाधानाने हात वर केले. समाप्तीचं आमेन म्हणणार, तोच घरमालकीणबाई खेकसल्या, "थांबा ओ! गाडी वरतीच हाय ना? मी सगल्यांचं मागितलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाग माझाच होता. आता आवाज फुटला. त्या आजींसाठी मागितलं, ड्रायव्हरसाठी, तान्ह्या पोरांसाठी, दरड उपसणाऱ्या जेसीबीवाल्यासाठी. घाटातलं एकेक वळण आठवून मागितलं. त्या दिवशी मी काकांनाही मागे टाकलं. चहाची आठवणसुद्धा झाली नाही.

कोंबडी गार झाली, पण एकानेही ताट मागितलं नाही. अखेर मुलीचा फोन वाजला. पलीकडून त्या आजींचा थकलेला आवाज. "पोलादपूर आलं गो बाय. सगली उतरलो."

घरमालकीणबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

"आता म्हना तुमचं आमेन," त्या काकांना म्हणाल्या.