तत्रैव, पृष्ठ एकेचाळीस

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतल्या आत्या म्हणजे बोलूनचालून गरीब बाई, असा सगळ्यांचा समज होता. भावाच्या पोरांमुळे त्या आत्या झाल्या आणि मग शिपाई, वॉचमन, दूधवाला, खुद्द मोठे इंजिनियर साहेब, सगळ्यांच्याच आत्या होऊन बसल्या. सकाळी बाटल्यांत पाणी भरायचं, क्लोरीन किती, गढूळपणा किती ते तपासायचं, आकडे साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. आकडे बरोबर असले की कोणी काही विचारत नाही, आणि आत्यांचे आकडे कायम बरोबर. म्हणजे अख्ख्या नोकरीत या बाईला कोणी धड एक प्रश्न विचारला नव्हता. घरात वहिनी मात्र त्यांना पुरतं ओळखून होत्या. ‘आमच्या वन्सं म्हणजे गोगलगाय न् पोटात पाय,’ असं चारचौघांत सांगायच्या. आणि दैवाचा खेळ बघा, आत्यांच्या वाट्याला आली तीही गोगलगायच.

पंपघराच्या मागे एक जुना दगडी हौद होता. नवे हौद बांधल्यापासून तो नुसता पडून होता, झिरपून येईल तेवढं पाणी त्यात साचायचं. आत्या डबा घेऊन तिथेच बसायच्या, कारण आत प्रयोगशाळेत औषधांचा वास आणि बाहेर कँटीनमध्ये बदल्यांच्या गप्पा. तर एका दुपारी दगडाच्या सांदीत त्यांना मसुरीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी दिसल्या. त्यात काय मोठंसं, तुम्ही म्हणाल. पण शंखावरून वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ गेली होती, जाड कापडाला शिवण घालावी तशी. आत्यांनी एक उचलून बशीत घातली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि डबा तसाच राहिला. अंग दुधी रंगाचं, शिंगांच्या मुळाशी दोन नारिंगी ठिपके. असला प्राणी त्यांनी कुठल्या पुस्तकात पाहिला नव्हता, आणि पुस्तकं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. बारावीनंतर वडील गेले, दादाचं शिक्षण व्हायचं होतं, म्हणून कॉलेजचा विचार गुंडाळून त्या नोकरीला लागल्या होत्या. विचार गुंडाळला तरी तो कुठे जातो? गावच्या ग्रंथालयातलं प्राणिशास्त्राचं एकूण एक पुस्तक त्यांनी घरी नेऊन परत आणलेलं होतं.

त्या दिवसापासून आत्यांचा पाय जमिनीवर ठरेना. घरी गेल्या की तोंडात गोगलगाय. अंडी कशी घालते, ऊन आलं की कुठे दडते, शिंगं कशी काढते. दादा पेपर वाचता वाचता हूं हूं करायचे. वहिनी म्हणाल्या, ‘वन्सं, आता तिचं केळवणच करून टाका.’

आणि नेमका याच वेळी हुकूम आला की जुना हौद पुन्हा वापरात आणायचा. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी पंप लावून तो कोरडा करायचा, घासायचा आणि आतून सिमेंट मारायचं. आत्या तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या डोक्यावर आणखी साहेब होते.

‘आत्या, गोगलगायींसाठी काम थांबवलं हे मी वर कुठल्या तोंडाने सांगू?’ ते म्हणाले. ‘तुम्ही म्हणता ती दुर्मीळ आहे. असेलही. पण मला काहीतरी छापील आणून द्या. छापील असलं की मला बोलता येतं.’

‘आणते,’ आत्या म्हणाल्या.

ग्रंथालयात जुन्या पाणवठ्यांवरचा एक जाडजूड ग्रंथ होता. तो उचलायलाच दोन हात लागायचे, त्यामुळे त्याच्या वाटेला कोणी जात नसे. आत्या संध्याकाळी संध्याकाळी तो पान पान वाचत गेल्या आणि एका पानावर थबकल्याच. ‘दगडी हौदांच्या गाळात उभ्या शिवणीचा एक बारीक शंख मिळतो,’ असं वाक्य होतं आणि खाली तळटीप: ‘तत्रैव, पृ. ४१.’

आत्या ग्रंथ छातीशी धरून देवघेव काकांच्या टेबलाशी गेल्या. देवघेव काका म्हणजे ग्रंथालयातले आंतरग्रंथालयीन देवघेवीचे एकमेव कर्मचारी. आपल्याकडे नसलेलं पुस्तक किंवा लेखाची प्रत दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून मागवून द्यायची, हे त्यांचं काम. आधी ते बस डेपोच्या चौकशी खिडकीत होते. त्यामुळे ‘मिळणार नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे, ‘येईल, येईल’ म्हणायची सवय जडली होती.

‘कुठल्या मासिकातला लेख?’ काकांनी विचारलं.

‘तत्रैव,’ आत्या म्हणाल्या. ‘मोठं नावाजलेलं दिसतंय हो. या ग्रंथात बघा ना, पानोपानी त्याचेच दाखले. आणि आपल्याकडे त्याचा एक अंक नाही.’

काकांनी पानं चाळली. खरंच की. तत्रैव, तत्रैव, तत्रैव. ‘शरमेची गोष्ट आहे,’ काका म्हणाले आणि त्यांनी नियतकालिकाच्या नावापुढे सुवाच्य अक्षरात ‘तत्रैव’ लिहून चार ग्रंथालयांना मागणी पाठवली.

उत्तरं येऊ लागली. पहिल्याने कळवलं की सदर नियतकालिक आमच्या संग्रहात नाही. दुसऱ्याने कळवलं की ते बहुधा बंद पडलं असावं. तिसरं ग्रंथालय म्हणजे कहरच. त्यांनी लिहिलं, तत्रैवचा तो अंक बांधणीला गेला आहे, आल्यावर प्रत पाठवू. काका तर हरखलेच. ‘बघा, आहे म्हणजे आहे. येईल, येईल.’ आत्या रोज कामावरून सुटल्या की थेट ग्रंथालयात. आला का अंक? बांधणीतच आहे. इकडे पंपघराबाहेर सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या आणि आत्यांची झोप उडाली. काही गोगलगायी बरणीत घालून वाचवायचा प्रयत्नही त्यांनी केला, पण बरणीत त्या धड राहीनात. दगडाची सांदच हवी त्यांना. हौद गेला की त्या गेल्या.

सोमवार तोंडावर आला तसा चौथ्या ग्रंथालयातून फोन आला. काकांनी आत्यांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज हसू दाबताना फुटत होता.

‘काका, मागणी तुम्हीच पाठवलीत ना? तत्रैवची?’

‘हो हो. आहे का तुमच्याकडे?’

‘अहो, तत्रैव म्हणजे तिथेच. वरच्या टिपेत जे मासिक सांगितलंय तेच, पुन्हा नाव लिहायचा कंटाळा म्हणून तत्रैव. तुम्ही वरची टीप बघा आणि मला नाव सांगा. मी फोन धरून ठेवते.’

आत्यांचा चेहरा लालबुंद झाला. काका म्हणाले, ‘पण मग बांधणीला काय गेलंय?’ पलीकडून जे हसू फुटलं ते सगळ्या वाचनालयाने ऐकलं. आत्याही हसायला लागल्या, इतक्या की डोळे पुसावे लागले. हसता हसताच त्यांनी ग्रंथ ओढला. वरची टीप बघितली, तत्रैव. तिच्यावरची, तत्रैव. मागचं पान, त्याच्या मागचं पान, तत्रैव आणि तत्रैव. लिहिणाऱ्या गृहस्थाला नाव लिहायचा भलताच आळस होता. आत्या एकेका टिपेवर बोट ठेवत मागे मागे चालल्या आणि शेवटी बोट थांबलं.

‘जलचरवृत्त,’ त्या जवळजवळ ओरडल्या. ‘वर्ष सातवं, अंक तिसरा.’

‘जलचरवृत्त ना? आहे,’ पलीकडच्या बाई म्हणाल्या. ‘आत्ता खाली तळघरात जाते. सापडला तर स्कॅन करून लगेच पाठवते.’

काकांनी संगणकासमोर खुर्ची ओढली. आत्या बसेनात. संगणकावर ई-मेलची घंटी वाजली की काका दचकायचे आणि निघायची पुस्तकांच्या दुकानाची जाहिरात. ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली, दिवे मालवायला आलेल्या शिपायाला काकांनी डोळ्यानेच थांबवलं. आणि आली. प्रत आली हो एकदाची. काकांनी छपाईचं बटण दाबलं, यंत्र कुरकुरलं आणि पहिलं पान बाहेर आलं.

आत्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. चित्र होतं. उभी शिवण स्पष्ट दिसत होती. खाली नाव होतं, लॅटिनमधलं, कोणा प्राध्यापकाने दिलेलं, आणि साल होतं आत्यांच्या जन्माआधीचं.

आत्या खुर्चीवर बसल्या. ‘हिला नाव आहे,’ त्या म्हणाल्या. ‘आधीच आहे.’

इतके दिवस ही बाई हौदापायी धावतेय असं काकांना वाटत होतं. हौदापायी धावत होतीच, पण पोटात आणखी एक पाय होता, आपण काहीतरी पहिल्यांदा पाहिलंय हा. तो मोडला आणि लागलं. आत्यांनी ते लपवलं नाही. ‘वाईट वाटलं हो काका,’ त्या सरळ म्हणाल्या. तेवढ्यात यंत्रात कागद अडकला. काकांनी झाकण उघडलं, बोटं काळी केली, चुरगळलेलं दुसरं पान हळूच ओढून काढलं आणि ते सरळ करता करता वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा आवाज चढला.

‘आत्या, ऐका. “वरील वर्णन केवळ गाळात सापडलेल्या रिकाम्या शंखांवरून केलेले आहे. जिवंत प्राणी आजवर कोणाच्याही पाहण्यात आलेला नाही. त्याचा रंग, शिंगे, अंडी यांविषयी काहीही ज्ञात नाही. हौद बुजवले जात असल्याने तो नष्ट झाला असण्याचा संभव आहे.”’

आत्यांनी पान हातातून काढून घेतलं. पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि दिवे मालवायला आलेल्या शिपायालाच म्हणाल्या, ‘मी पाहिलाय. नारिंगी ठिपके आहेत त्याला.’ शिपाई ‘हो का’ म्हणाला, बिचारा दुसरं काय म्हणणार.

सोमवारी साहेब यायच्या आधी आत्या हौदाच्या काठावर हजर होत्या. पंपाचा पाइप पाण्यात सोडलेला होता, माणसं विड्या विझवून उठत होती. साहेब आले, त्यांनी दोन्ही पानं घेतली, पहिलं चाळलं आणि दुसऱ्यावर थांबले. बराच वेळ थांबले.

‘कोणाच्याही पाहण्यात नाही म्हणतोय हा,’ ते म्हणाले. ‘आणि तुम्ही रोज बघता?’

‘या ना, दाखवते.’

साहेब इस्त्रीच्या पँटवर हौदाच्या पायरीवर उकिडवे बसले. आत्यांनी सांद दाखवली. काही दिसेना. ‘सावली पाडू नका,’ आत्या म्हणाल्या आणि साहेबांनी निमूटपणे डोकं मागे घेतलं. पंपवाले काठावर गोळा झाले. मग दगडाला चिकटलेल्या एका शिवणीच्या दाण्याखालून दुधी अंग सरकलं, शिंगं बाहेर आली, आणि त्यांच्या मुळाशी ते दोन ठिपके.

‘अरे,’ साहेब हळूच म्हणाले. त्यांनी मान वर न करताच हाताने खूण केली, पाइप वर घ्या. मग ते विचारत सुटले. खाते काय? अंडी किती घालते? उन्हाळ्यात पाणी आटलं की कुठे जाते? आत्या एकेकाचं उत्तर देत होत्या आणि एक संपायच्या आत पुढचं सांगत होत्या, कारण इतके प्रश्न त्यांना जन्मात कोणी विचारले नव्हते.

‘वरच्यांना मी आजच कळवतो,’ साहेब उठत म्हणाले. ‘पण हे रंगबिंग, अंडीबिंडी, हे कुठेतरी छापून यायला हवं. कोण लिहिणार?’

साहेब कुठल्या प्राध्यापकाचं नाव येतंय का म्हणून आत्यांकडे बघत होते.

‘मी,’ आत्या म्हणाल्या.